दुर्गेबाईंचं हवाई अंतर

परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, "चंद्रपूर ते आलापल्ली विमानानं किती वेळ लागत असेल हो?" मी त्या भागात राहिलेली आहे, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी "वीस-पंचवीस मिनिटं" म्हणाले आणि पानाकडे बघत राहिले. खरं तर ओठांवर दुसरंच उत्तर आलं होतं, की डबा गरमच पोचतो. पण मग कसला डबा, कोणाचा डबा, हे सांगावं लागलं असतं, आणि दुर्गेबाईंबद्दल अनोळखी माणसाशी पंगतीत बोलणं मला जमलं नसतं. ओळखीच्यांशीही अजून जमलेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

बाबा बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. गडचिरोली जिल्हा नवा झाला होता, त्या दिवसांत त्यांची आलापल्लीला बदली झाली. भावाच्या शाळेसाठी आई नागपुरातच राहिली, आणि माझं बी.ए. संपलेलं असल्यामुळे बाबांचं जेवणखाण बघायला मी गेले. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी घरापुरतं होतं आणि बोलणं त्याहून कमी. आलापल्लीत कोणी दाराशी आलं की मी हसून आत जायची. लोकांना तो साहेबाच्या पोरीचा गर्व वाटे. दुर्गेबाईंना वाटला नाही. पहिल्याच भेटीत त्या माझ्याकडे नीट बघून ड्रायव्हरला म्हणाल्या, "पोरगी लाजते, अजून काई नाई. जेवली का तिले विचारा."

ती भेट हवाईपट्टीवर झाली. गावाबाहेर सागाचं जंगल कापून डांबराची एक पट्टी केलेली होती, तिच्या टोकाला पत्र्याची शेड, आणि बाकी काही नाही. पट्टी बाबांच्या खात्याकडे होती. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी सहा माणसांचं पांढरं विमान चंद्रपूरहून यायचं. त्यातून जंगल बघायला, नाहीतर नवा जिल्हा बघायला मोठी माणसं उतरायची. विमान यायचं असलं की औषधाची पेटी घेऊन डॉक्टरांनी हजर राहावं असा नियम होता. डॉक्टर दुर्गेबाईंना पाठवायचे. दुर्गेबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या.

त्या दिवशी मी बाबांबरोबर जीपमधून गेले तर पट्टीवर पिवळसर गालिचा पसरलेला. मोहाची फुलं. आसपासच्या पाड्यांतल्या गोंड बायका पहाटे वेचलेली फुलं डांबरावर वाळत घालत. तापलेल्या डांबरासारखी जागा त्यांना जंगलात कुठे मिळणार? बाबांचे शिपाई झाडू घेऊन ओरडत होते, बायका हलत नव्हत्या, आणि मध्ये उकिडवी बसून एक बुटकी, काळीसावळी, पांढऱ्या लुगड्यातली बाई हाताची मागची बाजू डांबराला लावून बघत होती. ताप बघतात तशी. त्याच दुर्गेबाई.

"अर्धं वाळलं," ती म्हणाली. "आता उचललं तं आंबन. साहेब, विमानाले चाकं तीन. त्याले एवढी जागा कायले पाह्यजे? मधातलं उचलतीन, काठावरचं राहू द्या."

बाबा हो-नाही करत असतानाच बायकांनी मधला भाग सुपांनी ओढून घेतला. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी पावसाळ्यात फाटून गेली होती, म्हणून शिपायांनी ओलं गवत पेटवून धूर केला. विमान उतरलं. चाकांखाली थोडी फुलं चिरडलीच, आणि सगळ्या पट्टीवर तो गोड, जड वास उठला. कॅप्टन खाली उतरला, त्यानं नाक वर केलं. "वा! आज मेरा जहाज पी के उतरा है."

"मंग उडवू नोका, साहेब," दुर्गेबाई म्हणाल्या. "इथीच मुक्काम करा. आमी पेलेल्याले सोडत नसतो, पेटीत औषध हाय."

पेटीत औषध कमी आणि सुपारी जास्त असायची. त्यांचा त्या पेटीचा मुख्य उपयोग बसण्यासाठी होता.

पाहुण्यांच्या जीपगाड्या गेल्यावर कॅप्टननं आपल्या सीटमागून एक डबा काढून दुर्गेबाईंच्या हातात दिला. तीन कप्प्यांचा पितळी डबा, रस्सा सांडू नये म्हणून झाकणाला सगळीकडून कणीक लावलेली. दुर्गेबाईंनी हाताची मागची बाजू डब्याला लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या एकदम खूप लहान दिसायला लागल्या.

"गरम हाय," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून नाही.

त्यांचे यजमान शामराव चंद्रपूरच्या हवाईपट्टीवर चौकीदार होते. म्हणजे नवरा या टोकाला, बायको त्या टोकाला, आणि मध्ये विमानाची वीस-पंचवीस मिनिटं. बसनं हाच रस्ता अख्खा दिवस खायचा. पावसाळ्यात नदीनं मनावर घेतलं तर आठवडाही. शामरावांना स्वयंपाकाची आवड होती. विमान आलापल्लीला जाणार असं कळलं की पहाटे उठून ते पाटोडी रस्सा करत, नाहीतर कोथिंबिरीच्या सांभारवड्या, नाहीतर झिंगे घातलेली वांग्याची भाजी, आणि डबा कॅप्टनच्या सीटमागे ठेवून देत. कॅप्टनचा वाटा वेगळा. पट्टीवरच पेटीवर बसून दुर्गेबाई तो डबा उघडत आणि दिसेल त्याला घास देत. मला पहिल्या दिवशी मिळालेली पाटोडी अजून जिभेवर आहे. तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रागात हाय आज," त्या खुशीत म्हणाल्या. "मिरच्या मोजत नाई तो रागात असला म्हंजे."

परतीच्या विमानानं डबा परत जायचा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे आपल्या सगळ्यांच्याच घरात असतं. दुर्गेबाई त्यात चारोळी भरत, तेंदूची फळं भरत, कधी रानातल्या बायकांनी दिलेला मध. भांडण झालं असेल तर मात्र डबा घासूनपुसून रिकामा जायचा. कॅप्टनला हे माहीत झालं होतं. तो निघताना डबा कानाजवळ नेऊन हलवायचा.

"आज खाली? क्या किया उसने?"

"त्यालेच विचारा."

"मैं क्यों पूछूँ? मैं पायलट हूँ, पोस्टमन नहीं."

"मंग डबा काऊन नेता?"

तो हसायचा आणि चढायचा. पुढच्या खेपेला डबा येई त्यात गोड असायचं, गुळाची खीर किंवा तसलंच काही, आणि तो भरून परत जाई. महिनाभर चाललेलं भांडण या माणसांनी एक अक्षर न बोलता मिटवलेलं मी पाहिलंय.

आलापल्लीत माझं येणं-जाणं त्यांच्या एका घरापुरतं उरलं. दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची. पुढच्या खोलीत दोन खाटा, त्यातली एक कायम झाकलेली. आतल्या खोलीत त्यांनी गवंड्याकडून स्वयंपाकाचा ओटा बांधून घेतला होता. तो इतका उंच होता की बुटक्या दुर्गेबाईंना त्यावर काम करणं शक्यच नव्हतं. त्या आपला स्टोव्ह खाली ठेवून पाटावर बसून रांधत. मी बरेच दिवस मनात ठेवून शेवटी विचारलंच.

"तो लंबा हाय ना," त्या म्हणाल्या. "वाकून रांधलं का त्याची कंबर भरते. त्याच्या इकडच्या बदलीचा अर्ज टाकून ठेवला हाय. यंदा होते, साहेब बोलले. आल्यावर तो उभ्यानं रांधन, अन् मी खाटेवर बसून पाह्यन. नोकरीत अर्धा जन्म गेला, बेबी. आता मले बसून पाह्याचं हाय."

साहेबाच्या मुलीला तिकडे बेबीच म्हणत. मला त्या नावाचा राग यायचा. आता तशी हाक मारणारं कोणी नाही.

एकदा माझी दाढ दुखायला लागली आणि दुर्गेबाई चंद्रपूरला निघाल्याच होत्या, म्हणून बाबांनी मला त्यांच्याबरोबर बसनं पाठवलं. तेव्हा मला त्यांचा रस्ता कळला.

त्या खेपेला भांडण मोठं होतं. बुद्धपौर्णिमेला येतो म्हणून सांगून शामराव आले नव्हते आणि निरोपही नव्हता. बस सुटल्यापासून दुर्गेबाईंनी सुरुवात केली. "आज सोडत नाई त्याले. दरवाजातूनच बोलते. पाणी पेत नाई त्याच्या घरचं." मुलचेऱ्याच्या फाट्यापर्यंत मागच्या बाकावरच्या लोकांनाही सगळं समजलं होतं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "बाई, आज काय केलं भाऊनं?"

"तू तिकीट फाड. तुयी बायको कुठी गेली माहेरी, ते मले माहीत हाय."

बस हसली. दुर्गेबाईही हसल्या, आणि त्या हसण्यानंतर बोलण्याची धार जरा कमी झाली. जंगल संपत आलं. त्या खिडकीबाहेर बघत तेच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या, पण दर वेळी त्यातला एक शब्द गळत होता. "पाणी पेत नाई" गेलं. "दरवाजातूनच" गेलं. आष्टीला वैनगंगेच्या अलीकडे बस थांबली. आम्ही चहा घेतला, आणि पुलावरून जाताना त्या एकदम गप्प झाल्या.

"इथी तो अडकला होता," त्या म्हणाल्या.

मला विचारता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"आमचा मिलिंद दीड वर्साचा होता. ताप डोक्यात गेला त्याच्या. मी नर्स, मले तिसऱ्या दिवशीच समजलं होतं. शामरावले निरोप गेला, तो निघालाबी. पण नदी भरली होती. दोन दिवस त्या काठी बसून होता. तो आला तवा आमी मातीबी देऊन आलो होतो, दवाखान्यामागच्या सागाखाली." त्यांनी पदरानं ओठ पुसले, चहाचे. "लोक म्हणत, पोहून याचं होतं. पण पाण्याले काय म्हणाल? मी त्याले कधी एका शब्दानं बोलली नाई, बेबी. आजपर्यंत नाई."

गोंडपिपरीला त्या खाली उतरल्या आणि कागदात बांधलेली भजी घेऊन आल्या. मला वाटलं आमच्यासाठी. त्यांनी पुडी पिशवीत तळाला ठेवली.

"त्याले आवडते," त्या म्हणाल्या.

मी धीर करून विचारलं, "आणि राग?"

"तो आष्टीलेच उतरते. दर खेपी. त्याचं पुढचं तिकीटच काढत नाई मी."

त्या बसच्या दिवसाबद्दल मी नंतर खूप विचार केला. दुर्गेबाई आणि शामराव यांचा संसार त्या रस्त्यावर टिकून होता. डब्यातून प्रेम वीस मिनिटांत पोचायचं. राग मात्र दिवसभराच्या रस्त्यानं जायचा आणि वाटेत संपायचा. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. तसं होतं एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा विमान आलं. पाहुणे जीपगाड्यांतून गेले. कॅप्टनला तेल भरायला चंद्रपूरला जाऊन परत यायचं होतं. त्यानं बाबांना विचारलं, "बिटिया को घुमा लाऊँ? घंटे में वापस." ते नियमात बसत नसणार, पण त्या काळी तिकडे बरंच काही चालायचं. मी नको म्हणायच्या आत बाबा हो म्हणाले. मी कधी विमानात बसले नव्हते.

दुर्गेबाई पेटीवर बसून डबा उघडत होत्या. बाबा त्यांच्याजवळ गेले आणि अगदी सहज, सहानुभूतीनं म्हणाले, "दुर्गेबाई, वाईट वाटलं ऐकून. शामरावांनी इकडची बदली नाकारली म्हणे. इतक्या मुश्किलीनं झाली होती."

दुर्गेबाईंचा हात झाकणावर थांबला.

"झाली होती?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक नाही का?" बाबा गडबडले. "मागच्या महिन्यात ऑर्डर निघाली होती. त्यांनी लिहून दिलं, मला नको म्हणून."

दुर्गेबाईंनी डबा तसाच बंद करून पेटीवर ठेवला, उठल्या, आणि विमानाकडे चालायला लागल्या. "मीबी येते," त्या कॅप्टनला म्हणाल्या. या कॅप्टननं त्यांना कितीतरी वेळा "चलो बाई, सीट खाली है" म्हटलं होतं आणि दर वेळी त्यांनी "मले बसच बरी" म्हणून हसून टाळलं होतं. त्या दिवशी त्यांचं तोंड बघून तो बाजूला झाला. त्यानं त्यांचा पट्टा बांधून दिला.

विमान वर गेलं तेव्हा मी घाबरले होते. दुर्गेबाई घाबरल्या नाहीत. सबंध वेळ त्या समोर बघत होत्या, आणि त्यांच्या ओठांवर तेच एक वाक्य होतं, "मले न सांगता. मले न सांगता." एकही शब्द गळत नव्हता. गळायला वेळच नव्हता. खाली जंगल पानगळीचं, तपकिरी, एकसारखं. मग कॅप्टननं मागे वळून ओरडून सांगितलं, "नीचे देखो, वैनगंगा!"

दुर्गेबाईंनी खिडकीला कपाळ टेकलं. उन्हाळ्याची नदी. रुंद पांढऱ्या वाळूत पाण्याचा एक निळा दोरा पडल्यासारखा होता. पूल काडीएवढा. आम्ही तो ओलांडला तेव्हा मी अजून बोटानं तो शोधत होते.

"एवढीशीच हाय?" दुर्गेबाई म्हणाल्या.

विमानाचा आवाज मोठा होता, पण मला ते ऐकू आलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, "एवढीशीच हाय ही?"

आणि लगेच चंद्रपूर आलं. लगेचच.

विमान थांबता थांबता शेडमधून एक उंच, किडकिडीत माणूस हातात लाकडी ठोकळे घेऊन पळत आला. चाकांना अडण लावायची त्याची ड्यूटी होती. दार उघडलं, दुर्गेबाई दिसल्या, आणि त्या माणसाचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. आपण बघू नये असं काहीतरी मी बघत होते.

"अरे! तू? विमानानं?" तो म्हणाला.

दुर्गेबाई खाली उतरल्या. आजूबाजूला चार-पाच माणसं होती, तेलाचं पिंप घेऊन आलेली, पोलीस एक. त्यांच्यासमोर त्या म्हणाल्या, "एवढीशी नदी तुह्याच्यानं ओलांडली गेली नाई. तवाबी आला नाई तू, अन् आताबी येत नाई."

शामराव वाकले, मागच्या दोन्ही चाकांना ठोकळे नीट लावले, कारण ते लावायचेच होते. उठून हात झटकले. दुर्गेबाईंकडे न बघता त्यांनी विचारलं, "जेवली का?"

शामराव शेडकडे गेले.

परतीच्या विमानात त्या आल्या नाहीत. "बसनं येते" एवढंच म्हणाल्या. समोरच्या रिकाम्या सीटवर सैल पट्टा लोंबत होता आणि खालचं काही बघावं असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परतल्या. आठवडाभर दवाखाना आणि घर. मग एक दिवस मी गेले तर पाटावर बसून भाजी चिरत होत्या. मी शेजारी बसले. बोलायला त्यांनीच सुरुवात केली.

"तो इथी काऊन येत नाई, मले ठाऊक होतं, बेबी. मले पह्यल्यापासून ठाऊक होतं. बारा महिने या गावात राहाचं, रोज त्या सागापासून जाचं, ते त्याच्यानं होत नाई. माह्याच्यानं होते. मी इथी राह्यतेच त्याच्यासाठी, मिलिंदजवळ. अन् तो येत नाई त्याच्यासाठीच. हे मले आष्टीले चहा पेताना आठवलं असतं. नाई तं गोंडपिपरीले. येताना बसमधी आठवलंच ना? पण जाताना टाइमच नोहता." विळीवरचा हात थांबला. "आमी काई विमानात बसणारी माणसं नोहे."

त्यानंतर विमान आलं, दुसरा डबा काही आला नाही. दुर्गेबाई तरी पेटीवर बसून राहायच्या, कॅप्टन सीटमागे बघेल म्हणून. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःच, पट्टीवर राहून गेलेला तो पितळी डबा चारोळीनं काठोकाठ भरून पाठवला. पुढच्या विमानानं तो परत आला. कॅप्टननं तो न हलवता त्यांच्या हातात दिला.

"बोलता नहीं है," तो हळू आवाजात म्हणाला. "मैंने पूछा, डब्बा? बोला, ले जाओ."

डबा घासलेला होता, पुसलेला होता, रिकामा होता.

"बरं, असू दे," दुर्गेबाई म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. पेशंट ओरडला, बस चुकली, पाहुणे जेवायला आलेच नाहीत, तरी त्या "बरं, असू दे" म्हणत आणि पुढच्या कामाला लागत. त्या दिवशी त्या म्हणाल्या आणि बसून राहिल्या. पाऊस जवळ आला होता. गोंड बायका पट्टीवरून आपापली सुपं उचलत होत्या. त्यातली एक म्हातारी येऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघी तशाच बसून होत्या.

पावसाळ्यात विमान येत नसे. पोळा झाला आणि बाबांच्या बदलीची ऑर्डर आली, परत नागपूरला. मी दुर्गेबाईंना सांगायला गेले, तर घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, सुट्टी टाकून सकाळच्या बसनं चंद्रपूरला गेल्या. "गठुडं घेऊन गेली. विचारलं तं म्हणे, बोलून येते." मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. त्यांचा निरोप घेताना मी नक्की काहीतरी चुकीचं बोलले असते, किंवा काहीच बोलले नसते.

त्याच दुपारी आमची जीप निघाली. रात्रभर पाऊस झाला होता, पण आकाश मोकळं झालं होतं. आष्टीला आलो तर पुलावर पाणी. अलीकडच्या काठावर बैलगाड्या, ट्रक, आणि सकाळची ती बस उभी. लोक झाडांखाली बसून नदीला शिव्या देत होते. कोणी म्हणत होतं संध्याकाळी उतरेल, कोणी म्हणत होतं उद्या. पाणी तांबडं, मोठं, आवाज करत जाणारं. लाकडाचे ओंडके त्यातून काड्यांसारखे जात होते.

दुर्गेबाई सगळ्यांपासून लांब, पाण्याच्या बाजूला एका दगडावर बसल्या होत्या. मी उतरून गेले. त्यांनी मला बघून जागा करून दिली, जशी बाकावर करतात, आणि मी दगडावर टेकले.

बऱ्याच वेळानं, ऊन कललं तेव्हा, पाणी पुलाच्या खाली गेलं नाही पण कठडे दिसायला लागले. तिथल्या माणसांनी उंच गाड्यांना एकेक करून सोडायला सुरुवात केली. प्रवाशांनी भरलेल्या बसला अजून परवानगी नव्हती. बाबा आले. "दुर्गेबाई, चला, बसा जीपमध्ये. अंधाराच्या आत चंद्रपूर."

"नाई साहेब. तुमी व्हा पुढं."

"अहो, बस कधी सुटेल सांगता येत नाही. रात्रही काढावी लागेल."

"काढीन ना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि जीपकडे गेले. मी उठत नव्हते. दुर्गेबाईंनी माझा हात आपल्या हातात घेतला, मग सवयीनं हाताची मागची बाजू माझ्या गालाला लावून बघितली.

"उन्हाळ्यात वरून पाह्यली होती आपण," त्या म्हणाल्या. "दोऱ्यावाणी होती ना?"

"हो."

"आता पाह्य."

मी बघितलं.

"तो दोन दिवस बसला होता तिकडं. मी त्याले कधी विचारलंच नाई, कुठी बसला होता, काय खाल्लं, झोपला का नाई. बोलली नाई म्हून मी मोठी समजून राह्यली होती स्वतःले. विचारलंबी नाई." पाण्याच्या आवाजात त्यांचा आवाज बुडत होता. "आज विचारीन. पण आधी बसून तं पाह्यते. जा बेबी, साहेब थांबले."

मी काय म्हणाले ते मला आठवत नाही.

जीप पुलावरून चालीच्या वेगानं गेली. पाणी चाकांच्या अर्ध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना माणसं दोर धरून चाललेली. पलीकडे चढावर आल्यावर इंजिन तपासायला ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि मी उतरून मागे बघितलं. या काठावरून, जिथे शामराव दोन दिवस बसले होते, नदी आणखी रुंद दिसत होती. त्या काठाची माणसं ठिपक्यांएवढी झाली होती, तरी पांढऱ्या लुगड्यामुळे दुर्गेबाई ओळखू येत होत्या. त्या दगडावरून उठून पाण्याच्या अगदी कडेला आल्या होत्या.

मी हात हलवला. त्यांनीही हात वर केला, असं मला वाटलं. पण तो हात हलला नाही. कलत्या उन्हापासून डोळ्यांवर आडवा धरून त्या या काठाकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला, जिथे कोणीच नव्हतं.